बांगडीने मोजलेली वीज

कुरवंडीच्या राजेसाहेबांनी हुकूम काढला: काचेच्या कड्यात किती वीज वाहते ते आठ दिवसांत सांगा, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

कडं म्हणजे मनगटाएवढी जाड नळी, टोकाला टोक जोडून गोल केलेली. राजेसाहेबांनी कळ दाबली की आतला विरळ वायू तापून त्याचा वीज वाहून नेणारा प्लाझ्मा होई आणि क्षणभर जांभळा उजेड फाके.

प्रयोगशाळेतल्या बापू मिस्त्रींनी वीज मोजायला नळीच्या भोकातून तांब्याची सळई आत घातली. ती वितळली. मग जाड लोखंडी घातली, तर उजेडच विझला. बावीस वर्षांची नोकरी जाणार म्हणून बापूंना अन्न गोड लागेना.

त्यांची मुलगी तुळसा पंख्यांच्या मोटारींना तारा गुंडाळायची. तिने विचारलं, “सळई आतच घालायची, असा हुकूम आहे का?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

तुळसाने वेताची एक उघडी बांगडी वाकवली आणि तिच्यावर बारीक तारेचे दोन हजार वेढे घेतले. तारेची टोकं काट्याच्या मीटरला जोडली. मग बांगडीतून एक जाड तार ओवून तिच्यात मोजून विजेचे झटके सोडले आणि काटा जिथे जिथे गेला तिथे आकडे लिहिले. आठव्या दिवशी तिने ती बांगडी काचेच्या कड्यावर चढवली.

आत वीज उसळली की भोवतालच्या तारेतही तिचा झटका उमटतो, असं तिने सांगूनही राजेसाहेबांना हे पटेना. आत न शिरता आतलं कसं कळेल? त्यांनी कड्यावर काळं कापड टाकायला लावलं आणि स्वतः पडद्याआड कळीपाशी गेले.

“दाबली. किती?”

“चारशे अँपिअर.”

“आता?”

“दीडशे. महाराजांनी जोर कमी केला.”

मग पडद्याआडून आवाज आला, “आता दाबली. किती?”

तुळसाने मीटरकडे पाहिलं. “महाराजांनी कळ दाबलीच नाही.”

दरबारी मंडळी जमिनीकडे बघू लागली. राजेसाहेब पडदा सारून बाहेर आले. “म्हणजे आम्ही खोटं बोलतो?”

“मी कोण म्हणणार, महाराज? बांगडी म्हणते.”

राजेसाहेब आधी मीटरकडे बघत राहिले, मग इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. प्रयोगशाळा चालू राहिली. पुढच्या महिन्यापासून हजेरीपटावर बापूंच्या खाली नवं नाव लागलं: तुळसा मिस्त्री, पगार बापूंइतकाच.