बटण दाबण्याआधी

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध छायाचित्रकार राहत होते. सारं गाव त्यांना नाना म्हणे. त्यांच्या हाताखाली हेरंब नावाचा शिष्य होता. मुलगा गुणी, कष्टाळू, पण मोबाइलवर कॅमेऱ्यांच्या तुलना वाचत बसण्यात अट्टल!

एके दिवशी हा हेरंब तोंड पाडून बसलेला. त्याच्या मिररलेस कॅमेऱ्याचं नवं फर्मवेअर अपडेट, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती, आलं होतं, आणि त्याच कंपनीच्या, जुळा भाऊ वाटावा अशा दुसऱ्या कॅमेऱ्याचंही.

"नाना, धडधडीत अन्याय आहे हा! सेन्सर तोच, आतली चिप तीच. पण अपडेटमध्ये त्याला प्री-कॅप्चर दिलं आणि माझ्या कॅमेऱ्याला ठेंगा."

"ते काय असतं रे?"

"बटण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीचे फोटोसुद्धा मिळतात. आपला हात उशिरा पडला तरी क्षण निसटत नाही."

"अरे वा! नवलच आहे," नाना मनापासून म्हणाले.

हेरंबचं दुःख अगदीच पोकळ नव्हतं. दोन दिवसांवर वृषालीचं लग्न आलं होतं. पिठाची गिरणी चालवणाऱ्या दिगंबररावांची ती एकुलती लेक, आईविना वाढलेली. तिने हेरंबकडे एकच मागणं मागितलं होतं. "बाकी फोटो कसेही येऊ देत. बाबांचा हसतानाचा एक फोटो मला सासरी न्यायचाय. आमच्या घरात तसा एकही नाही." कारण दिगंबररावांचा पुढचा दात पडलेला. हसू ओठांवर आलं रे आलं की त्यांचा पंजा तोंडावर जाई. साखरपुड्यात हेरंबने जिवाचा आटापिटा केला, तरी प्रत्येक फोटोत पंजाच आला होता.

"मला तेवढा अर्धा सेकंदच हवाय हो," तो रडवेला होऊन म्हणाला. "नाहीतर दुसरा कुणी बघ, असं सांगून टाकतो तिला."

नानांनी हात पुढे केला. "कॅमेरा दे इकडे." तो त्यांनी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि शांतपणे म्हणाले, "उद्या लग्नघरी जा आणि लसूण सोल."

"लसूण?"

"लसूण संपला तर खोबरं खवण."

नानांना झालंय तरी काय, असं हेरंबच्या मनात आलं. पण गुरूचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी तो लग्नघरी गेला तेव्हा वृषालीच्या आत्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "फोटोवाला ना रे तू? बरा सापडलास. हात धू आणि बस." बसला बिचारा. सोलताना नखं दुखू लागली, बायकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली, आणि तासाभरात त्याला तिथे परकं वाटेनासं झालं.

मग आत्याने वृषालीच्या लहानपणीची गोष्ट काढली. पोर शाळेचा डबा रोज शेजारच्या शेळीला घालायची. का गं, म्हणून विचारलं तर म्हणते कशी, "शेळीची परीक्षा आहे!" घर हसलं. दारात उभ्या असलेल्या दिगंबररावांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला, "आता काय सांगावं," असं पुटपुटले आणि मग हसले. पंजा आलाच! संध्याकाळपर्यंत ते आणखीही हसले. दर वेळी आधी पंचा, मग "आता काय सांगावं," आणि मग हसू. हेरंबचे हात सोलता सोलता थांबले.

लग्नाच्या दिवशी पंगतीत आत्या ओरडून म्हणाली, "जावईबापू, हिच्या हाती डबा देऊ नका हो, शेळीच्या पोटात जाईल!" दिगंबररावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. हेरंबने नानांनी सकाळीच परत दिलेला कॅमेरा डोळ्याला लावला. "आता काय सांगावं..." आणि पंजा वर येण्यापूर्वी ते पडक्या दाताचं, भरभरून हसू टिपलं गेलं.

नाना तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कॅमेऱ्याला माणूस ठाऊक नसतो, बाळा. म्हणून त्याला आधीपासून सगळंच गोळा करत बसावं लागतं. तुला तो माणूस ठाऊक झाला. ज्याच्यावर आपला जीव जडतो, त्याचं हसू येण्याआधीच आपल्याला दिसतं. लेकरू रडण्याआधी आई जागी होते, ती काय अपडेट आल्यावर?" आणि हसून म्हणाले, "पण ती सोय वाईट नाही हं. तुझ्या कॅमेऱ्याला आली की अवश्य टाकून घे."

फोटो हाती आल्यावर वृषाली हसली, आणि हसता हसता तिचा पंजा तोंडावर गेला, थेट बापासारखा.

पुढे हेरंबच्या कॅमेऱ्यालाही ते अपडेट मिळालं. त्याने ते आनंदाने टाकून घेतलं, कॅमेरा नानांच्या कपाटात ठेवला आणि पुढच्या लग्नघरी जाऊन विचारलं, "मावशी, लसूण सोलायचा आहे का?"