पंचेचाळीस होनांचा राखणदार

कुठल्या राजाच्या काळची ते विचारू नका, तो राजाच आता कुणाला आठवत नाही इतकी जुनी ही गोष्ट. पोरांनो, तुम्ही ऐकाच. पण तुमच्या आईबापांनीही जरा कान इकडे द्यावा, कारण गोष्ट खरी त्यांच्याच कामाची आहे.

डोंगरापलीकडच्या एका जहागिरीत तलावाचा एक राखणदार होता. तलाव लहान. पाणी सोडायला मोरी एकच आणि त्या पाण्यावर भिजणारं गावही एकच. बांधाला कुठे घुशीनं बीळ पाडलं, कुठे झाड रुजलं, पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, हे सगळं तो पाहायचा. कामात माणूस पटाईत. बांधावरून अनवाणी चालताना माती कुठे मऊ पडली आहे ते त्याच्या तळपायाला कळायचं.

पगार वर्षाला चाळीस होन. अकरा वर्षं तेवढाच. वाढ मागायला तो तीनदा जहागीरदाराकडे गेला आणि तिन्ही वेळा त्यांच्या तब्येतीची चौकशी करून परत आला. हसता काय? तुमच्यातलेही बरेच जण असेच परत येतात.

एके दिवशी बातमी आली, की राजधानीजवळच्या मोठ्या तलावाचा राखणदार म्हातारा झाला असून त्याच्या जागी नवा माणूस हवा आहे. सात मोऱ्या आणि बारा गावं! असा तलाव आपल्या हाती यावा असं त्याला तरुणपणापासून वाटत होतं. त्यानं जहागीरदाराला रामराम ठोकला, बायकोला घेऊन डोंगर ओलांडला आणि थेट त्या म्हाताऱ्या राखणदाराच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याचं घर बांधाच्या पायथ्यालाच होतं.

म्हाताऱ्यानं त्याला सगळा बांध पायी फिरवला, दोन दिवस प्रश्न विचारले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चिंचेखाली बसून म्हणाला, "काम तुला येतं. आता मागायला येतं का ते बघू. उद्या दरबारात किती सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना बाबा."

"इथली रीत आधी ऐक. नोकरीवर येणाऱ्यानं आपला पगार आपल्या तोंडानं भर दरबारात सांगायचा. एकदा सांगितला की सात वर्षं तोच. राजाला नको वाटला तर तो नाही म्हणतो, पण कमी करत नाही, वाढवतही नाही. आणि दरबारात बसायची जागा अन् बोलायची पाळी त्या आकड्यावरच ठरते. मोठा पगार पुढे आणि आधी. लहान पगार मागे आणि शेवटी."

"अजब रीत आहे!"

"आहे खरी. मी काही ती घातली नाही. मी दोनशे घेत होतो. त्यातले ऐंशी माझ्या चार गस्तवाल्यांना जात, कारण माणसं राखणदारानंच ठेवायची असतात. दोनशेच्या खाली येऊ नकोस, पोरा. बांध एकट्याच्या डोळ्यांत मावत नाही."

दोनशे! त्या रात्री तो बायकोला म्हणाला, "चाळीसवाला माणूस एकदम दोनशे कुठल्या तोंडानं मागणार? लोक म्हणतील, हावरट आहे. दक्षिणेकडून आणखी एक राखणदार आलाय म्हणे. त्यानं कमी मागितलं तर? तिकडची नोकरी सोडून बसलोय मी."

बायको म्हणाली, "अहो, तिकडे एक मोरी होती. इथे सात आहेत. त्या बाबांनी काय स्वतःच्या मनानं आकडा काढला असेल का?"

"मला कुठे दरबारात मिरवायचंय? मागे बसवलं तर मागे बसेन. आपण साधी माणसं."

ती भीती होती हो, नुसती भीती. पण भीतीला भीती म्हणायची लाज वाटते, म्हणून त्यानं तिला साधेपणा म्हटलं. आपण सगळेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी राजानं विचारलं, "किती?" वाटेत त्यानं मनाशी शंभर ठरवले होते. पण समोरच्या रेशमी पागोट्यांची रांग बघून ते शंभरही त्याला फार वाटले. त्याला आपले चाळीस आठवले, त्यावर भीत भीत पाच चढवले आणि तो म्हणाला, "पंचेचाळीस होन, महाराज."

प्रधानजींनी मान खाली घालून हसू लपवलं. राजा खूश झाला. "मंजूर," तो म्हणाला. खांबाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मात्र डोळे मिटून घेतले.

पंचेचाळीसात गस्तवाले कुठून ठेवणार? चौघंही महिन्याभरात दुसरीकडे गेले. सात मोऱ्या आणि तो एवढा लांब बांध, सगळं त्यानं एकट्यानं ओढलं. जमेल तसं म्हातारा मदतीला यायचा. आकड्याबद्दल तो पुन्हा एक अक्षर बोलला नाही. दरबारात राखणदाराला दाराशी, जोड्यांजवळ जागा मिळाली. चोपदार त्याला नावानं नव्हे, 'पंचेचाळीस होनवाले' म्हणून हाक मारायचा. त्यालाही त्याची सवय झाली.

दोन वर्षं निभावली. तिसऱ्या वर्षी पाऊस इतका झाला, की तलाव काठोकाठ भरला. पाचव्या मोरीकडे तो आठ दिवसांत फिरकला नव्हता, बाकीच्या सहा पाहता पाहताच जीव जात होता. नवव्या दिवशी सकाळी तिथे गेला तर बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. झिरपणाऱ्या पाण्याला राखणदार भीत नाहीत. ते निवळ असलं तर चिंता नसते. त्यानं ओंजळ भरून पाहिली. पाणी गढूळ होतं. म्हणजे पाण्याबरोबर आतली माती वाहून येत होती, बांध आतून पोखरला जात होता.

उपाय एकच, सातही मोऱ्या एकदम उघडून तलाव उतरवायचा. पण वर्षाचं पाणी असं सोडून द्यायला राजाचा हुकूम लागे. हुकुमावाचून ते करील त्याची मान जाई. तो धावत दरबारात गेला.

त्या दिवशी आधी पाचशे होनवाले बोलले, मग तीनशेवाले. पागेच्या अधिकाऱ्यानं खोगिरांच्या रंगावरच तास खाल्ला. राखणदार दोनदा उठला. दोन्ही वेळा चोपदारानं काठी आडवी धरली. "थांबा हो पंचेचाळीस होनवाले, अजून दीडशेवाल्यांचं व्हायचंय." त्याची पाळी यायच्या आतच राजा उठला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. काठी बाजूला सारून तो पुढे घुसला आणि ओरडला, "महाराज, बांध जातोय! मोऱ्या उघडायचा हुकूम द्या!"

राजानं प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजी शांतपणे म्हणाले, "सरकार, बारा गावांचा जीव ज्या बांधावर आहे, तो राखायचं मोल या गृहस्थांनी स्वतःच पंचेचाळीस होन सांगितलं. धोका खरंच एवढा मोठा असता, तर राखणं इतकं स्वस्त असतं का? यांच्या एका शब्दावर वर्षाचं पाणी कसं सोडायचं? उद्या मोजणीदार पाठवू, तो पाहील."

"ठीक," राजा म्हणाला.

आकडा राखणदाराचाच होता.

तो ऊर फुटेस्तोवर पळत परत आला. अर्ध्या वाटेवर बायको भेटली, लोकांना घेऊन टेकडीकडे निघालेली. कडेवर कुणाचं तरी मूल, मागे गुरं, म्हातारी माणसं, रडारड. ती म्हणाली, "मी जवळच्या गावांना उठवलंय. पण बाबा ऐकत नाहीत हो! म्हणाले, हुकमाची वाट बघायला वेळ नाही, आणि माझी मान तशीही किती दिवस टिकणार आहे? मोऱ्या उघडायला गेलेत एकटेच."

मोरीची फळी वर ओढायला दोन धट्टीकट्टी माणसं लागत. त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं तीन मोऱ्या उघडल्या होत्या. चौथीवर तो वाकलेला राखणदाराला लांबून दिसला. "बाबा, या माघारी!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला आणि तेवढ्यात पाचव्या मोरीपाशी बांध बसला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. माती खचली आणि तिच्यामागून सगळा तलाव निघाला.

तीन मोऱ्यांनी पाणी थोडं उतरलं होतं, म्हणून खालच्या गावांना पळायला सवड मिळाली. माणसं वाचली. शेतं गेली, घरं गेली, आणि म्हातारा गेला. राखणदार चिखलात बसून लहान मुलासारखा रडला.

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः फुटलेल्या बांधावर आला. त्यानं विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"पाळी आली नाही, महाराज."

"तुझी पाळी शेवटची का होती?"

राखणदारानं फुटलेल्या बांधाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीच मागून घेतली होती."

राजानं मान खाली घातली. "आणि स्वस्तात माणूस मिळाला म्हणून मी खूश झालो होतो," तो म्हणाला. त्यानं तिथेच हुकूम काढला, की धोका ज्याला दिसेल तो आधी बोलेल, मग पगार कितीही असो. प्रधानजींनी तो हुकूम स्वतःच्या हातानं लिहिला. मग राजा राखणदाराकडे वळला. "नवा बांध घालायचा आहे. राखायला तूच हवास. मागचं विसर आणि नव्यानं सांग, किती?"

राखणदारानं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. चार गस्तवाले, फळ्या ओढायला दोन गडी, एक सुतार, आणि त्याचं घर. घाई न करता त्यानं हिशेब केला आणि मान वर करून म्हणाला, "अडीचशे होन."

कुणी हसलं नाही. राजा म्हणाला, "मंजूर."

सगळे गेल्यावर तो म्हाताऱ्याच्या घराकडे गेला. घर कसलं, नुसतं ओलं जोतं उरलं होतं. त्यासमोर उभं राहून त्यानं तो आकडा पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितला. ज्यानं ऐकायला हवा होता, तो ऐकायला नव्हता.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: नव्या कामाचं मोल मागताना काल काय मिळत होतं ते धरू नका, उद्या काय सांभाळायचं आहे ते धरा.