सावली ओळखायची शाळा

फार मागं, कोंबड्या बोलत होत्या तेव्हाची ही गोष्ट. उकिरड्याच्या कडेला एक काबरी कोंबडी राहायची आणि तिची थोरली लेक पिंगी. जवळच शेवग्याखाली म्हातारा कोंबडा शाळा घ्यायचा. शिकवायचं एकच, अंगणात पडलेली सावली कावळ्याची की घारीची.

पिंगी दोन दिवस शाळेत गेली, तोच काबरी बारा अंड्यांवर बसली. म्हणाली, "पिंगे, मी चार दाणे टिपून येते. तू ऊब धर. एका दिवसानं काय बिघडतंय?"

तो एक दिवस काही संपेना. कोंबडागुरुजी विचारायला आले, "काबरीबाई, पोरगी दिसत नाही?"

"मग अंडी काय तुमच्या तुऱ्याखाली ठेवू? येईल उद्या!"

अंडी फुटली, बारा पिल्लं झाली. मग त्यांना राखायला पिंगीच. पिल्लं शाळेत जाऊ लागली, तर पिंगी त्यांना शेवग्यापर्यंत सोडायची आणि घरच्या कामाला माघारी वळायची. गुरुजींनीही विचारणं सोडून दिलं होतं.

एके दुपारी अंगणात सावली फिरली. बाराही पिल्लं डालग्याखाली पळाली. पिंगी तिथंच उभी राहून म्हणाली, "आई, ही कुणाची गं?"

उत्तर घारीनंच दिलं.

पुढं काबरीचं घर भरभराटीला आलं. एकही पिल्लू पुन्हा घारीच्या हाती लागलं नाही. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस काबरे! बाराच्या बारा शिकली, जगली."

काबरी "हो" म्हणायची. तेरा होती, हे सांगायला तिची चोच उघडायची नाही.