चपलेखालचे धने

“मरत नाही असं झाड कुठलं, बाबा?”

मदारशा फकीर वाफ्यात उकिडवा बसून खुरप्याने हरळी काढत होता. त्याने मान वर केली नाही.

“आधी सलाम तरी कर.”

“सलाम. कुठलं?”

गावाबाहेर ओढ्याच्या काठी फकिराचा तकिया होता. एक खोली, पुढे एक चिंच, आणि चिंचेची सावली संपली की फकिराची बाग. दसरा होऊन गेला होता. वर ऊन चटकत होतं, पण बोट खुपसलं तर खाली अजून ओल लागत होती. पेरायचे दिवस हेच.

सटवा पळत आला होता. खांद्यावर वडाची फांदी, हातात आंब्याचं रोप, काखेत फुगलेली पिशवी. त्याला धाप लागली होती आणि डोळे चमकत होते.

“बसून बोल.”

“बसायला वेळ नाही. आज लावायचं म्हणजे आजच.”

सटवा गवंड्याच्या हाताखाली राबायचा. शाळा तिसरीत सुटलेली. त्याला विटा कळायच्या, माल कालवायचा कळायचा. माती म्हणजे त्याच्या लेखी पाया खणायची वस्तू.

माती कळायची ती त्याच्या थोरल्या भावाला, केरबाला. घरामागचं परडं केरबाचं. वाफे त्याचे, पाट त्याचे, कुंपणही त्याचंच. दर गुरुवारी तो तकियात यायचा. केरबा फकिराला गुरू मानायचा. सटवा केरबाला मानायचा.

भाद्रपदात केरबाला ताप आला. उतरला नाही. केरबा गेला.

तेव्हापासून परड्याचं दार कुणी उघडलं नव्हतं. आणि काल रात्री आबा, त्याचा बाप, म्हणाला होता, दिवाळीपर्यंत तिथं काही हिरवं दिसलं नाही तर कडब्याची गंजी रचून टाकतो.

दर वर्षी केरबा नवरात्राचा घट बघायचा. घटात जे धान्य जोमाने वर यायचं त्यावरून काय पेरायचं ते ठरवायचा. घरात मयत झालेली, म्हणून यंदा घटच बसला नव्हता. विचारायचं कुणाला?

म्हणून सटवा इथं आला होता. कडब्याचं सगळं त्याने फकिराला एका दमात सांगून टाकलं.

“वड!” तो म्हणाला. “वड मरत नाही. फांदी आणलीय बघा. खुपसली की लागली.”

“परडं केवढं तुमचं?”

“चार-पाच खाटा मावतील एवढं.”

“मग वड वाढला की घर कुठं ठेवणार?”

सटवाने खांद्यावरची फांदी चिंचेखाली टाकली.

“बरं, वड राहिला. आंबा! गावरान. पणतू खातील असा. भोवती मी स्वतः ओटा बांधतो, पक्का, सिमेंटचा. ओट्यावर दादाचं नाव कोरतो.”

“फळ कधी धरेल?”

“धरेल की पाच-सात वर्षांनी.”

“तोवर आबाला काय सांगशील? कडबा डोक्यावर घेऊन उभे राहा म्हणून?”

सटवाला हसू फुटलं. मग आपण हसलो याचा राग आला.

“थट्टा करू नका, बाबा. मी चालत नाही आलो, पळत आलोय.”

“दिसतंय. एक चप्पल कुठंय?”

सटवाने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता.

“ओढ्यात गेली असेल. जाऊ द्या. हे बघा!”

त्याने पिशवी चिंचेखाली उपडी केली. गुलाबाच्या काड्या, निशिगंधाचे कंद, कोबीची रोपं, पालकाचं बी, झेंडूचं बी, आणखी कसकसल्या पुड्या. काही फुटलेल्या.

“दुकानदाराला म्हटलं, या दिवसांत जे जे लागतं ते सगळं दे. ऐका आता. कडेने झेंडू. झेंडूच्या आत गुलाब. गुलाबाच्या मधे मधे कोबी. कोपऱ्यात निशिगंध, म्हणजे रात्री वास. दार उघडलं की आई हरखली पाहिजे! आबा कडबा विसरला पाहिजे!”

“आईला विचारलंस, काय लावू म्हणून?”

“तिला काय विचारायचं? दादा गेल्यापासून ती बोलतच नाही.”

...

फकिराने हरळीची एक लांब मुळी ओढली. ती निघता निघेना.

“केरबा काय लावायचा?”

“असंच... लसूण, मेथी. साधं काहीतरी. मला कुठं ठाऊक? मी नुसता खायचो.”

“मग तेच लाव.”

“नाही!” सटवा ओरडला. चिंचेवरचे दोन कावळे उडाले. “ते नको. ते उपटायचं, खायचं, की झालं. मला राहणारं पाहिजे, बाबा. भिंतीसारखं. कुणी विचारलं हे काय, तर म्हणता आलं पाहिजे, हे माझ्या दादाचं.”

फकीर उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आत गेला आणि एक लहानसं गाडगं घेऊन आला. चिंचेखाली एक सपाट दगड होता. त्यावर त्याने गाडगं रिकामं केलं.

“हे लाव.”

सटवाने वाकून पाहिलं.

“धने?”

“धने.”

“आमटीत टाकतात ते?”

“तेच.”

सटवा दगडाकडे बघत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

“चालेल! बाबांनी सांगितलं ना, मग धने तर धने. सगळं परडं धन्यांनी भरतो. दिवाळीला हिरवंगार! कसे लावू? ओंजळीने फेकू?”

त्याने ओंजळ भरलीसुद्धा.

“थांब. असा अख्खा धना जोर धरत नाही. आधी चपलेखाली रगड.”

“चपलेखाली?”

“हां. फुटला पाहिजे. एकाचे दोन झाले की पुरे. पीठ करू नकोस.”

“एवढंच ना! चप्पल तर एकच लागते!”

सटवा खदखदून हसला. ओंजळीतले धने त्याने दगडावर सोडले, पसरले आणि उजवा पाय उचलला.

“बी झकास आहे,” फकीर म्हणाला. “शिमग्यानंतर केरबाच देऊन गेला. दर साल माझ्याकडं ठेवायचा. म्हणायचा, घरात ठेवलं तर आई आमटीत टाकते.”

सटवाचा पाय तसाच अधांतरी राहिला.

...

त्याने पाय बाजूला टेकवला. चप्पल काढली, लांब भिरकावली. दगडापाशी गुडघ्यांवर बसला आणि दोन बोटांनी एक एक धना उचलून गळ्यातल्या टॉवेलच्या टोकात ठेवू लागला.

“काय करतोस?”

“हे नाही पेरायचे.”

“मग काय करणार?”

“देव्हाऱ्यात ठेवतो. डबीत. चांदीची डबी करून आणतो.”

“आणि परड्यात?”

“दुसरे धने लावीन. वाण्याकडचे. ते रगडीन, कुटीन, काय सांगाल ते करीन. हे नाही.” त्याचा आवाज चिरकला. “त्याच्या हातचे आहेत, बाबा! आणि तुम्ही मला सांगता पायाखाली घाल?”

“तोही घालायचा. ह्याच दगडावर.”

“तो घालेल. त्याचे होते.”

“आता कुणाचे आहेत?”

सटवाने पुढचा धना उचलला. तो वेचत राहिला. एक धना दगडाच्या चिरेत गेला होता. तो नखाने काढता काढता त्याचं नख मोडलं.

फकीर दगडाजवळ सरकला. मग दगडावर उरलेल्या धन्यांवर त्याने आपलाच पाय ठेवला. झिजलेली, टायरच्या तळव्याची चप्पल.

कर्र... कर्र...

“बाबा!”

सटवाने झेप घेतली आणि फकिराची पोटरी दोन्ही हातांनी आवळली. म्हातारा झोकांडला. पडता पडता त्याने सटवाचे केस धरले.

“सोड की! पडेन.”

“नाही सोडणार!”

“मग सोडू नकोस. घट्ट धर. म्हातारा माणूस आहे, आधार लागतो.”

आणि फकीर रगडू लागला.

सटवाने जोर लावला. फकिराच्या पायात कसली ताकद, नुसती काडी. सटवाने मनात आणलं असतं तर त्याला उचलून वाफ्यात ठेवलं असतं. पण पाय मागेपुढे होत राहिला, आणि तो धरलेले सटवाचे हातही मागेपुढे होऊ लागले.

कर्र... कर्र...

धने फुटू लागले.

मग वास आला.

सटवाची पकड सैल झाली.

“बाबा... हा वास...”

“हं.”

“दादाच्या हाताला यायचा हा. ह्याच दिवसांत. जेवायला बसला की आई म्हणायची, हात धू मेल्या, ताटभर वास झालाय. तो धुवायचाच नाही. मुद्दाम माझ्या नाकाला लावायचा...”

त्याने कपाळ फकिराच्या गुडघ्याला टेकवलं. म्हाताऱ्याने केस सोडले नाहीत.

...

ओढ्यापलीकडे कुणीतरी बैलांना हाकत गेलं.

सटवाने नाक पुसलं. उठला. भिरकावलेली चप्पल शोधून आणली, उजव्या पायात घातली आणि दगडापाशी आला.

“सरका, बाबा. तुमच्याने नीट होत नाही. अर्धे अख्खेच राहिलेत.”

“बरं बाबा, दाखव तू.”

सटवाने पाय ठेवला. आधी भीत भीत, मग जरा दाबून. दगडावर करकर वाजलं. त्याने पाय उचलून पाहिलं, खाली वाकला आणि किंचाळला.

“फुटले! बघा, फुटले! ह्याचे दोन झाले! ह्याचेपण!”

“हळू. पीठ होईल.”

“नाही होत! एवढं कळतंय आता मला.” तो हसत होता, आणि डोळे तसेच वाहत होते. टॉवेलचं टोक सोडून वेचलेले सगळे धने त्याने परत दगडावर ओतले. “हेपण! सगळे! भिजवायचे का?”

“रात्रभर.”

“किती खोल?”

“माती नुसती पांघरायची.”

“पाणी?”

“ते आईला विचार.”

सटवा थबकला. मग त्याने मान हलवली, जोरजोरात.

“विचारतो. जाऊन आधी परड्याचं दार उघडतो, मग विचारतो. आबाला म्हणतो, कडबा दुसरीकडं ने. तिथं दादाचे धने पेरतोय.” तो अडखळला. “...म्हणजे माझे.”

फुटलेले धने त्याने टॉवेलमध्ये बांधले. गाठ मारली, पुन्हा सोडली, नाक लावून वास घेतला, पुन्हा मारली. वडाची फांदी, आंबा, गुलाबाच्या काड्या सगळं चिंचेखाली तसंच टाकून तो निघाला. चालत नव्हे, पळतच. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा.

ओढ्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला.

“बाबा!”

“आता काय?”

“दिवाळीला हिरवं दिसेल. आबाचं तोंड बंद होईल. सगळं खरं. पण ती कोथिंबीर. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत आई ती खुडणार, भाजीत घालणार, आम्ही खाणार. वाफा मोकळा! मग?”

फकीर पुन्हा वाफ्यात बसला होता. रिकामं गाडगं त्याने पुढच्या सालच्या धन्यांसाठी दगडावर उपडं घालून ठेवलं होतं. त्याने खुरपं उचललं.

“मग भूक लागेल.”