वणव्यात परत शिरलेला गवा

पूर्वी शिरीषनगरात जयघोष नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगराच्या उत्तरेकडील डोंगरी अरण्यात गव्याच्या कुळात जन्म घेतला होता. वयात आल्यावर त्याचे शरीर काळ्या कातळासारखे भरले. गुडघ्यांखालचे चारही पाय मात्र कालवलेल्या चुन्यात बुडवून काढल्यासारखे पांढरे होते, म्हणून अरण्यात त्याला धवलपाद म्हणत. चाळीस गव्यांचा कळप त्याच्या मागे चाले. पाणवठ्यावर आधी वासरे पीत, मग गायी, आणि सर्वांचे झाले की शेवटी तो पिई.

त्याच नगरात रणंजय नावाचा तरुण राहत होता. तो राजाच्या अश्वदळाचा नायक होता. शूर, उदार, बोलायला गोड. त्याला एकच वेड होते, शिकारीचे. शिकारीचा विषय निघाला की हातातला घास हातातच राही. जेवता जेवता तो पानातल्या भातावर बोटाने खुरांचे आकार काढी आणि समोरच्याला विचारी, “हा सांबर की गवा? सांग पाहू!”

समोर बहुधा त्याची पत्नी सानुमती असे. ती डोंगरापलीकडच्या एका वनग्रामाच्या मुख्याची मुलगी होती. प्रश्नाचे उत्तर तिला नेहमीच येई. लग्नाला तीन वर्षे झाली होती, आणि पंधरवड्यातले दहा दिवस तरी रणंजय अरण्यात असे. “तिसऱ्या दिवशी येतो” म्हणून तो जाई आणि आठव्या दिवशी येई. दाढीत काटेकुटे, अंगावर ओरखडे, आणि डोळे असे चमकत असत की तिचा राग ओठांवरच विरून जाई.

एकदा तिचे म्हातारे वडील चार दिवस पायी चालून मुलीला आणि जावयाला भेटायला आले. रणंजय अरण्यात होता. सहा दिवस वाट पाहून म्हातारा परत निघाला. उंबऱ्याशी तो एवढेच म्हणाला, “जावईबापू बरे आहेत ना? तेवढं सांग म्हणजे झालं.” आपला नवरा बरा आहे की नाही, हे सानुमतीलाच ठाऊक नव्हते.

दोन दिवसांनी रणंजय परतला. झालेले ऐकून त्याला मनापासून वाईट वाटले. तो म्हणाला, “चुकलं माझं. पण ऐक, धवलपाद दक्षिणेच्या उतारावर उतरलाय. सहा वर्षं मी त्याच्या मागावर आहे. तो एकदा मिळू दे, मग धनुष्य खुंटीला.”

“मागच्या वर्षी त्या एका सुळ्याच्या रानडुकराबद्दल हेच म्हणाला होतात.”

“ते डुक्कर होतं गं! हा धवलपाद आहे!”

तो हसला. तीही हसेल असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी उजाडताच रान उठवणारे साठ हाकारे घेऊन तो निघून गेला. सानुमतीने दोन वस्त्रांचे गाठोडे बांधले. आता माहेरी जायचे आणि परत यायचे नाही, असे तिने ठरवले होते. पण निरोप ठेवून जाणाऱ्यांतली ती नव्हती. तोंडावर सांगायचे आणि मगच जायचे, म्हणून रणंजयाच्या घोड्याच्या टापांचे ठसे पाहत ती अरण्यात शिरली.

फाल्गुन महिना होता. गुडघाभर गवत वाळून पिवळे झाले होते. रणंजयाचा बेत असा होता की हाकाऱ्यांनी दक्षिणेच्या उतारावर गवत पेटवायचे, ढोल वाजवायचे, आणि भ्यालेला कळप वरच्या खिंडीतून बाहेर पडेल तिथे आपण धनुष्य सज्ज ठेवून उभे राहायचे. ठरल्याप्रमाणे गवत पेटले. ढोल घुमू लागले. आणि अचानक वारा फिरला. जी आग हळूहळू वर सरकायची होती, ती हरणासारख्या उड्या घेत चहूकडे धावत सुटली. हाकारे ढोल टाकून पळाले.

धवलपादाने धूर पाहिला. खिंडीकडून माणसाचा वास येत होता, म्हणून तिकडे न जाता त्याने कळपाला एका कोरड्या ओढ्यातून खाली नदीवर नेले. वासरे पोहली, गायी पोहल्या. शेवटचे वासरू पैलतीरावर चढले तेव्हा तो स्वतः पाण्यात उतरला. इतक्यात मागच्या धुरातून हाक ऐकू आली. बाईचा आवाज होता. एकदा आला, मग खोकला, मग पुन्हा हाक.

तो माघारी वळला. पैलतीरावरून कळपातली एक वृद्ध गाय ओरडली, “जाऊ नकोस! माणसाची बाई आहे ती. आग त्यांनीच लावली!”

“लावताना तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही,” धवलपाद म्हणाला. “आणि तिनेच लावली असती, तरी भाजायची ती भाजेलच ना?”

त्याने चिखलात लोळून अंग माखून घेतले आणि तो आगीत शिरला. डाव्या उजव्या बाजूला बांबू तडातड फुटत होते. ठिणग्या पाठीवर पडत आणि चिखलात विझत. एका कातळाच्या आडोशाला सानुमती तोंडावर गाठोड्यातले वस्त्र धरून बसली होती. धुरातून तो काळा डोंगर आपल्यावर चालून येतो आहे असे पाहून तिने डोळे मिटले. धक्का बसला नाही. डोळे उघडले तर गवा तिच्याकडे पाठ करून स्तब्ध उभा होता. ती वनग्रामातच वाढलेली; तिला क्षणात उमजले. तिने दोन्ही हातांनी त्याचे शेपूट पकडले, आणि तो धावला!

करवंदीच्या जाळ्या त्याच्या छातीखाली मोडत होत्या आणि मागे वाट होत होती. त्या वाटेने ती धडपडत, ठेचकाळत, पण शेपूट न सोडता पळत होती. नदीकडची बाजू आगीने बंद केली होती. आता एकच मार्ग उघडा होता: खिंड. तिथे कोण उभे आहे हे धवलपादाला वासावरून कळत होते. तो तिकडेच धावला.

खिंडीत नुसता उघडा कातळ होता, आग तिथे पोचणार नव्हती; रणंजय बाण लावून उभा होता. जमीन थरथरत होती. “आला! आला!” तो स्वतःशीच ओरडला. धुराचा पडदा फाटला आणि पांढरे पाय दिसले. सहा वर्षे ज्याच्यासाठी झोप उडाली, तो पन्नास पावलांवर!

धवलपादाने कानापर्यंत ओढलेले धनुष्य पाहिले. डावीकडे दरड होती. एक उडी, की तो सुटला असता. पण तो सरकला असता तर बाणाच्या वाटेवर ती बाई उरली असती. म्हणून तो आडवा वळला आणि खिंड अडवून उभा राहिला.

इतके सोपे लक्ष्य रणंजयाला जन्मात मिळाले नव्हते. बाण सुटला आणि खांद्यात अर्धा रुतला. गवा हलला नाही. रणंजयाने घाईने दुसरा बाण काढला, तोच गव्याच्या पाठीमागून जळक्या केसांची, काजळलेल्या तोंडाची एक स्त्री पुढे आली आणि बाणाच्या अगदी समोर उभी राहिली.

“पुरे!” सानुमती किंचाळली. “मी आहे! मी आहे इथे!”

धनुष्य रणंजयाच्या हातातून गळून पडले. तो खाली बसला आणि कसाबसा म्हणाला, “तुला काही... कुठे लागलं...?”

“मला नाही लागलं. हा मध्ये उभा होता म्हणून.”

रणंजय गव्याकडे पाहत राहिला. “तू का पळाला नाहीस?” त्याने विचारले. “तुला माझा संताप येत नाही?”

“आधी बाण काढ,” धवलपाद म्हणाला. “संतापाचं मग पाहू.”

रणंजयाने जखमेभोवती हात दाबून धरले आणि बाण सानुमतीने काढला. पाला चुरून तिने जखमेत भरला. वेदना ओसरल्यावर धवलपाद बोलू लागला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता.

“रणंजया, गेल्या वर्षी पहिल्या पावसानंतर तू ओढ्यात बसून माझा ठसा वितीने मोजत होतास. मी वर कड्यावरून पाहत होतो. तेव्हा तुझा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. आज बाण मला लागला, तेव्हाही मी तुझ्याकडेच पाहत होतो. तो उजेड नव्हता. तुझी गोडी माग काढण्यात आहे. माझा जीव घेऊन तिच्यात भर पडत नाही. दुसरं सांगतो. ओल्या पानावरून सांबर किती वेळापूर्वी गेलं ते तुला कळतं. पण ही घरातून मनाने कधी निघून गेली, ते तुला कळलं का?”

रणंजयाने मान खाली घातली. मग त्याने पत्नीला विचारले, “तू मला शोधत आली होतीस?”

“मी माहेरी चालले होते,” सानुमती म्हणाली. “ते सांगायला आले होते. आणि अजूनही चाललेच आहे.”

“मग मी पोचवायला येऊ?” तो म्हणाला. “परत ये असं म्हणणार नाही. तुझ्या वडिलांची क्षमा मागायची आहे.”

ती माहेरच्या वाटेला लागली. पण त्याच्यासाठी दोनदा थांबली.

रणंजय सासऱ्याच्या गावी पावसाळा लागेपर्यंत राहिला. त्याने शेताची बांधबंदिस्ती केली, म्हाताऱ्याच्या गोष्टी ऐकल्या, आणि संध्याकाळी सानुमती बोलेल ते न तोडता ऐकायला शिकला. पेरणीनंतर तिनेच एक दिवस म्हटले, “चला, घरी जाऊ.”

नगरात येऊन त्याने राजापुढे सर्व वृत्तांत सांगितला. राजाने ते अरण्य अभयवन म्हणून घोषित केले, तिथे आग लावण्यास आणि शस्त्र चालवण्यास बंदी केली, आणि रणंजयालाच त्याचा रक्षक नेमले. अरण्याची त्याची ओढ काही गेली नाही. जायला हवी असे कोणी म्हटलेही नाही. पंधरवड्यातून तीन दिवस तो रित्या हातांनी माग काढत हिंडे. कधी सानुमती बरोबर असे. कधी ती म्हणे, “आज तुम्हीच जा, मला निवांत झोपू द्या.” आणि चौथ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तो दारात हजर असे. धवलपाद आयुष्यभर किंचित लंगडत चालला, कळपाला सांभाळत राहिला, आणि आयुष्य सरल्यावर आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या गतीला गेला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. सभेत तिष्यक नावाचा उपासक पत्नी सुरंभेसह बसला होता. त्या दोघांकडे पाहून शास्ते म्हणाले, “उपासका, त्या जन्मी रणंजय तू होतास आणि सानुमती ही तुझी सुरंभा. नदीपार गेलेला तो कळप म्हणजे हा भिक्षुसंघ. आणि खिंडीत आडवा उभा राहिलेला गवा मी होतो. ज्याला आपण वाचवतो आहोत त्याच्याविषयी आणि जो आपल्याला बाण मारतो आहे त्याच्याविषयी मन सारखेच मऊ राहणे, याला मैत्री म्हणतात.”