महाराजांचे गुडघेपट्टे

भोयांच्या भाकऱ्या निम्म्या झाल्या, त्याला कारण झाले राजा जयमल्लांचे डोके. पालखीत बसल्या बसल्या ते रिकामेच असायचे. एक दिवस पुढच्या भोयांचे गुडघे सारखे वाकताना पाहून महाराजांना वाटले, की यांची सगळी ताकद त्या वाकण्यातच वाया जाते आणि म्हणून हे लोक इतके खातात. गुडघा वाकलाच नाही, तर भूक लागेल कुठून? लगेच बांबूच्या कांबी घालून जाड चामड्याचे पट्टे शिवून घेतले, भोयांच्या गुडघ्यांना आवळले आणि त्याच दिवशी भाकऱ्या निम्म्यावर आणल्या. दरबाराने माना डोलावल्या. दरबाराला कुठे पालखी उचलायची होती!

भोई पाय बाहेर फेकत, धापा टाकत चालू लागले. म्हातारा रखमाजी भोई तर चढावर चक्कर येऊन पडला. त्याची मुलगी सगुणी सगळ्या भोयांच्या भाकऱ्या थापायची. ती तडक दरबारात गेली आणि पट्टा बांधला की भूक वाढते, असे तिने महाराजांना तोंडावर सांगितले.

"सोंगं करतात भोई," महाराज म्हणाले. "भूक खरी असेल तर ती आणून माझ्यासमोर दाखव, पट्टे काढतो. नाही जमलं तर उरलेली निम्मी भाकरीही बंद."

दरबार खिदळला. सगुणी मात्र जागची हलली नाही.

"भोयांची भूक लबाड असंल, महाराज. तुमची तर न्हाई ना?"

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. दर एकादशीला महाराज मोरणगडावरच्या देवळात पायी जात आणि द्वादशीपर्यंत केळ्यालाही शिवत नसत. याची फुशारकी ते वर्षभर मारत. सगुणी म्हणाली, "उद्या पट्टे बांधून गड चढा. भूक कमी लागली तर उपास आनखी कडक व्हईल, पुण्य बी वाढंल."

पुण्याचे नाव निघाल्यावर महाराजांना नाही म्हणता येईना.

सकाळी गुडघ्यांना पट्टे बांधून, राजपुरोहितांना सोबत घेऊन महाराज निघाले. मागे रिकामी पालखी घेऊन भोई, आणि भोयांच्या भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन सगुणी. गुडघ्यात न वाकणारा पाय प्रत्येक पायरीला कमरेतून उचलावा लागत होता. महाराज घामाने निथळले. निम्म्या वाटेवर त्यांनी बसकण मारली, तीही पाय लांब पसरूनच. मग त्यांची नजर गाठोड्यावर गेली.

"त्यात काय आहे गं?"

"भाकरी, महाराज. अन् ठेचा."

पुढे काय झाले ते राजपुरोहितांना बघवले नाही. "महाराज, एकादशी!" असे ते ओरडेपर्यंत गाठोडे रिकामे झाले होते आणि महाराज बोटाला लागलेला ठेचा चाटत होते.

सगुणीने हात जोडले. "भूक दाखव म्हणाला व्हतासा. ही बघा, समोर बसलीया."

महाराज आधी लाल झाले, आणि मग पोट धरून हसू लागले. तिथेच त्यांनी आपले आणि भोयांचे पट्टे सोडवले, भोयांच्या भाकऱ्या पूर्ववत केल्या आणि भोयांच्या मुदपाकखान्याचा कारभार सगुणीच्या हाती दिला. किती शिजवायचे, हे आता तीच ठरवणार होती.

"चला, देव उद्या भेटेल," महाराज पालखीकडे सरकत म्हणाले. "उचला."

एकही भोई हलला नाही. सगळे सगुणीकडे बघू लागले.

"उचलली असती, महाराज," सगुणी म्हणाली, "पर ह्यांची ताकद तुमच्या पोटात हाय."

महाराजांच्या हसण्याने गड दुमदुमला, आणि हसत हसतच ते आपल्या पायांनी गड उतरू लागले.