हलू नका म्हणणारा सुतारपक्षी

सागाच्या एका जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. वाळक्या खोडावर चोच मारून तो असा काही ठेका धरी, की पाण्यावर निघालेली हरणेही वाटेत थबकत. म्हणून जंगलातल्या आयांनी आपली नुकती बोलू लागलेली पिल्ले त्याच्याकडे ताल शिकायला धाडली. बालमित्रांनो, ती अगदी तुमच्या धाकट्या भावंडांएवढी होती! सुतारपक्ष्याने ‘टक टक टक टक’ सुरू केले मात्र, सशाचे पिल्लू पाय आपटू लागले, खारीच्या पिल्लाची शेपटी उडू लागली आणि अस्वलाचे पिल्लू तर गदागदा डोलू लागले. सुतारपक्ष्याचे डोळेच पांढरे झाले. “अरे देवा! हा वर्ग आहे की जत्रा?” तो ओरडला. “ताल डोक्यात असतो, पायांत नव्हे! पाय दुमडा, शेपट्या गुंडाळा आणि नुसत्या मात्रा मोजा. जो हलेल, तो घरी जाईल!”

सशाच्या पिल्लाला ती टकटक कोवळ्या गवताहूनही प्रिय होती. घरी जावे लागू नये, म्हणून बिचारे आपलेच पाय घट्ट धरून बसू लागले. पुढे एके दिवशी सगळ्या आया ऐकायला आल्या. “पिल्लांना काही येत नसेल, तर उद्यापासून आम्ही पाठवणार नाही,” अस्वलीण तोंडावरच म्हणाली. सुतारपक्षी ऐटीत म्हणाला, “ऐका तर खरं!” पण झाले भलतेच. दगडासारखी बसलेली पिल्ले मोजू लागली, तर एक ‘तीन’वर घाईने पुढे पळाले, दुसरे ‘दोन’वर अडकले आणि खारीचे पिल्लू ‘चार’ म्हणायचेच विसरले. आया आ वासून पाहत राहिल्या. सुतारपक्ष्याला तर घेरीच यायची बाकी होती. तेवढ्यात सशाच्या पिल्लाचा एक पाय सुटला आणि जमिनीवर धप्प आपटला.

“पाहिलंत? याच्या पायांनीच घात केला! ऊठ, चालू लाग घरी!” सुतारपक्षी कडाडला. पिल्लाचे डोळे भरून आले. “जातो, गुरुजी. पण एकदाच मान न हलवता टकटक करून दाखवा ना. मला तसं यायला हवंय.”

“हात्तिच्या! त्यात काय?” म्हणत सुतारपक्ष्याने मान ताठ केली आणि चोच खोडाला टेकवली. आवाज नाही! त्याने डोळे मिटून पुन्हा जोर लावला. तरीही आवाज नाही! त्याच्या अंगावरची पिसे उभी राहिली. सारा जन्म ठोके मारण्यात गेला, आणि आपली मान हलते हे त्याच्या कधी ध्यानातही आले नव्हते! त्याला स्वतःची भारी लाज वाटली. तो हळूच म्हणाला, “थांब बाळा, जाऊ नकोस. पाय सोड. सगळ्यांनीच सोडा रे!” मग त्याने मान उचलून ‘टक’ केले, आणि नेमक्या त्याच क्षणी पिल्लाचा पाय पडला, धप्प! शेपट्या उडाल्या, माना डोलल्या, पण ठेका कुठेही चुकला नाही. अस्वलीण डोळे विस्फारून पाहत होती. “उद्या किती वाजता पाठवू?” तिने विचारले. तिचेही पाय हलत होते, पण ते तिला ठाऊक नव्हते.

तात्पर्य : जे आपण स्वतः हलत-डुलत शिकलो, ते लहानांना जखडून ठेवून शिकवता येत नाही.